आत्यांच्या होडीचा रंग

माझं माहेर पाथर्डीकडचं. तिथे दारात टँकर आला की सण. त्यामुळे लग्न होऊन सासरी आले तेव्हा पहिले काही दिवस मी नुसतं पाणी बघत बसायचे. भीमेवरच्या धरणाचा फुगवटा श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंत येतो. गावात बहुतेकांचा ऊस, आमच्या घरात मासेमारी. आमचे हे साखर कारखान्यात पाळीवर असतात आणि मासा फक्त ताटात ओळखतात. सासरे वारल्यापासून होडी चालवतात त्या माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. साठी कधीच ओलांडली, पण वल्हं हातात घेतलं की कुणाच्या सांगण्याने थांबणार नाहीत अशा दिसतात. एरवीही थांबत नाहीतच.

मी श्रीगोंद्यात ब्युटी पार्लर चालवते. आत्यांच्या भाषेत ते "थोबाडं रंगवायचं दुकान."

आमची जुनी होडी लोखंडी पत्र्याची होती. दर उन्हाळ्यात ती पालथी घालून आत्या तिला डांबर फासायच्या आणि पुढचे आठ दिवस घरातल्या प्रत्येक उशीला, टॉवेलला आणि भाकरीला डांबराचा वास यायचा. शेवटी तिचा तळ गंजून चाळणी झाला. तेव्हा ह्यांनी कुठलासा बंद पडलेला बोट क्लब शोधून तिथली ॲल्युमिनियमची होडी आणली. हलकी इतकी, की मी आणि आत्या दोघींनी मिळून ती टेम्पोतून उतरवली. आणि चकचकीत! नव्या पातेल्यासारखी.

पातेल्याचा गुण दुपारी कळला. आत्या पाण्यात गेल्या आणि तासाभरात डोळे चोळत परत आल्या. ऊन होडीवर पडून थेट डोळ्यांत जात होतं, आणि बसायची फळी तव्यासारखी तापली होती.

"हिला रंग द्याया पायजे," आत्या म्हणाल्या.

हे म्हणाले, "विकणारा तर बोलला, गोड्या पाण्यात ॲल्युमिनियमला रंग न्हाई दिला तरी चालतंय."

"चालतंय म्हंजे? मी नऊवारी नेसून नागड्या होडीत बसू व्हय?"

ह्यांनी लगेच पाळीवर जायची तयारी सुरू केली. पाळीला अजून चार तास होते.

दाराखिडक्यांना दिलेला निळा ऑईल पेंट माळ्यावर उरला होता. आत्यांनी तो खाली काढला. मी म्हटलं, "आत्या, असा थेट नका लावू. आधी स्वच्छ करून प्राइमर लावावा लागतो. चेहऱ्यालासुद्धा आम्ही तसंच करतो."

"तुझ्या बायकांना लाव पायमर. ही होडी हाय."

सकाळी त्यांनी रंग दिला, दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात. दिसायला मात्र सुंदर दिसली, खोटं कशाला बोलू. आत्यांनी मला मुद्दाम दोनदा काठावर नेऊन दाखवली.

महिनाभरात रंगाचे पापुद्रे सुटायला लागले, कांद्याचे सुटावेत तसे. एक टोक नखाने धरलं की हातभर सोलपट निघायचं. तुकडे जाळ्यात अडकायचे, आत्यांच्या लुगड्याला चिकटायचे. एका आठवडी बाजारात मी त्यांच्या पाटीशेजारी उभी असताना एका गिऱ्हाईक बाईने चिलापी उचलली आणि निरखून बघितली.

"मावशी, हा मासा निळा कसा?"

माशाच्या कल्ल्याजवळ आमच्या दाराखिडक्यांचा रंग चिकटलेला होता. आत्यांनी तो अंगठ्याने शांतपणे पुसला.

"खोल पान्यातला हाय, बाई. खाली लई निळं असतं."

बाईने मासा खाली ठेवला आणि ती दुसऱ्या पाटीकडे गेली. रात्री जेवताना आत्या म्हणाल्या, "ते तुझं पायमर कुठं मिळतंय?"

मी हसले नाही. ह्यांना ठसका लागला.

आता माझं ज्ञान चेहऱ्यापुरतं. ॲल्युमिनियमचं काय मला ठाऊक? म्हणून आम्ही दोघी हमरस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथला पेंटर ठोकलेल्या गाड्यांना रंग मारतो. गप्पांची त्याला फार हौस. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि आत्यांनी रुमालात बांधून आणलेलं निळं सोलपट उजेडाला धरून डॉक्टरसारखं बघितलं.

"होडी कायम पाण्यात असते का मावशी?"

"न्हाई. सांजच्याला वढून वर घेतो."

"दगडावरून?"

"मग काय गादीवरून?"

त्याने सगळं समजावून सांगितलं. साधा ऑईल पेंट ॲल्युमिनियमला धरत नाही. पावडर कोटिंग टिकतं, पण त्यासाठी होडी भट्टीत घालावी लागते, एवढी मोठी भट्टी जवळपास नाही. शिवाय दगडाने टवका उडाला तर घरी डागडुजी करता येत नाही. तेव्हा आमच्यासाठी बरं म्हणजे आधी ॲल्युमिनियमला धरणारा खास प्राइमर, त्यावर इपॉक्सीचा थर, आणि वरून दोन डब्यांतलं एकत्र करून मारायचं पीयू, म्हणजे गाड्यांना मारतात तो पक्का रंग. बाहेरून चकचकीत, म्हणजे शेवाळ पुसून निघेल. आतून मात्र मॅट, म्हणजे ऊन डोळ्यांवर येणार नाही, आणि ओल्या रंगावर थोडी बारीक वाळू भुरभुरवायची, म्हणजे पाय सटकणार नाही.

आत्यांनी मान डोलावली. मग रंगाचा विषय निघाला आणि मान डोलवणं संपलं. बाहेरून लाल हवा, हे त्यांचं ठरलेलं होतं, पलीकडच्या काठावरून होडी ओळखू यावी म्हणून. त्याला माझी हरकत नव्हती. पण आतून त्यांना गडद चॉकलेटी हवा होता.

"माशाचं रगात दिसत न्हाई," त्या म्हणाल्या.

"आत्या, तापेल. फिका राखाडी घ्या."

"तू कधी बसलीस व्हय होडीत?"

पेंटरने आमच्यात पडायचं टाळलं. त्याच्याकडे रंगाचे नमुने मारलेले पत्र्याचे तुकडे होते. एक चॉकलेटी आणि एक राखाडी त्याने बाहेर उन्हात ठेवला आणि पुन्हा चहा सांगितला. चहा झाल्यावर तो म्हणाला, "मावशी, हात लावून बघा."

आत्यांनी चॉकलेटीवर तळवा टेकवला. टेकवला तसा उचलला. पण चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"गरम न्हाई," म्हणाल्या. मग पदराला हात पुसल्यासारखं करत पेंटरकडे वळल्या. "पर राखाडी लाव. माझ्या सुनंला आवडलाय, तिचं मन मोडत न्हाई मी."

पेंटर घरी आला तो मोठ्या तयारीने, पण घासायचं काम आमच्याकडेच आलं. उरलेला निळा रंग खरवडून काढला आणि पॉलिश पेपरने होडी आतून-बाहेरून घासली. सगळी चकाकी जाऊन ती राखेने घासलेल्या भांड्यासारखी दिसायला लागली तेव्हा आत्यांना तिची दया आली.

"चांगली गोरीपान हुती की गं. आपुनच खराब केली."

"गुळगुळीतावर रंग धरत नाही, मावशी," पेंटर म्हणाला, आणि साबणाने धुतलेल्या, थिनरने पुसलेल्या होडीला आता कुणी बोट लावायचं नाही अशी त्याने ताकीद दिली. आत्यांनी ताबडतोब बोट लावून विचारलं, "हितं बी न्हाई?" तेवढा भाग पुन्हा पुसला.

दोन डब्यांतला रंग एकत्र केला की तो ठरावीक वेळातच वापरावा लागतो, नाहीतर दगड होतो, हेही त्याने सांगितलं होतं. पण काही फुकट जाताना आत्यांना बघवत नाही. पेंटर गेल्यावर कळलं, की त्यांनी तळाशी उरलेला लाल रंग एका स्टीलच्या वाटीत काढून, त्यात ब्रश ठेवून, वर झाकण घालून तो फडताळात ठेवला होता. तुळशीकट्ट्यासाठी. सकाळी वाटी, ब्रश आणि रंग एकजीव झाले होते. ब्रश धरून उचलला की वाटी वर यायची. आत्यांनी ती ह्यांना दाखवली आणि म्हणाल्या, "रंग चांगलाय."

पाण्यात घालण्याआधी आठवडाभर होडी सुकू द्यायची होती. त्या आठवड्यात पार्लरला जाताना माझा जीव घरी असायचा. आत्या रोज संध्याकाळी विचारायच्या, "आता तर सुकली असंल की?" मी म्हणायचे, "वरून सुकली, आतून नाही." त्या म्हणायच्या, "तुला आतलं कसं दिसतंय?" तरी थांबल्या. त्यांना थांबलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

आठवडा संपला तशी होडी काठावर आणली. उन्हाळा होता, पाणी मागे हटलेलं, काठाला काळे दगड उघडे पडलेले. शेजारी मासे धरणारे एक काका होते. लालभडक होडी आणि तिला दगड लागू नयेत म्हणून पाण्यापर्यंत अंथरलेली पोती बघून ते म्हणाले, "वैनी, होडी हाय का नवरी? उचलून न्यायची का करवल्या बोलवायच्या?"

हे ऐकल्यावर आत्यांनी पोती बाजूला केली. मी "आत्या, आत्या" म्हणेपर्यंत त्यांनी होडीचं नाक धरलं आणि ती त्या दगडांवरून खरडत थेट पाण्यापर्यंत ओढत नेली. तो आवाज मला दातांत लागला.

मग आत्या वाकल्या. तळाला एक लांब पांढरट ओरखडा उठला होता. त्यांनी त्याच्या कडेला नख घातलं, निळ्या रंगाला घालायच्या तसं, आणि सोलायचा प्रयत्न केला. काही सुटलं नाही. पुन्हा घातलं, जोरात. नाही सुटलं.

त्या माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "बस." मी होडीत बसले. आतली फळी कोमट होती. पहिल्यांदाच मी त्यांच्याबरोबर पाण्यात गेले, आणि त्यांनी मला वल्हं धरायला दिलं, पण मारू दिलं नाही.

त्याला आता दोन उन्हाळे झाले. तळाच्या कण्यावर जिथे रोज दगड लागतो तिथे रंग उडाला आहे, बाकी होडी लाल आहे. गेल्या आठवड्यात तेच शेजारचे काका दारात आले. त्यांनीही ॲल्युमिनियमची होडी घेतलीय, आणि काय लावावं ते विचारायचं होतं. मी आतून पर्स घेऊन निघतच होते. आत्यांनी त्यांना प्राइमरपासून वाळूपर्यंत सगळं सांगितलं, थोडं उलटसुलट, पण ठसक्यात.

"वैनी, तुमाला एवढं कुनी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? बघून कळतंय."

मी चपला घालता घालता त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं.

एसटीच्या थांब्यावरून काठ दिसतो. काकांची होडी पालथी पडली होती, आणि आत्या पदर खोचून पॉलिश पेपर कसा धरायचा ते दाखवत होत्या. काकांनी हात पुढे केला की त्यांच्या हातातून कागद काढून घेत होत्या. दोघांची जाळी काठावर तशीच गुंडाळलेली होती, आणि त्या सकाळी मासे धरायची आठवण कुणालाच झालेली दिसत नव्हती.