तिला मराठी येत नव्हतं

आमच्या ऑफिसात तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी कोलंबियाहून एक बाई आली होती. माझ्याच वयाची, चाळिशीच्या आसपास. डोंगरमाथ्यावर वसलेल्या मानिझालेस नावाच्या शहरातली. इंग्रजी मोडकंतोडकं, पण बोलायची हौस दांडगी. एकदा जेवताना मला म्हणाली, "आल्यापासून सगळं टॅक्सीच्या काचेतूनच बघतेय. रविवारी माझ्याबरोबर चालशील? दिवसभर, नुसतं चालायचं."

मी दुबईच्या करामा भागात अकरा वर्षं राहत होते आणि घर ते मेट्रो, मेट्रो ते ऑफिस यापलीकडे फारशी चाललेच नव्हते. तरी हो म्हटलं.

घरी तेव्हा आई होती, देवरुखहून तीन महिन्यांच्या व्हिजावर आलेली. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. मी कामावर गेले की ती गॅलरीत उभी राहून खालचं पार्किंग बघत बसायची. रविवारचा बेत कानावर पडला तशी म्हणाली, "मीपण येते."

"अगं आई, खूप चालायचंय."

"मग? मला काय पाटीतून न्यायचंय तुम्हाला?"

जानेवारीचं ऊन कोवळं होतं. आम्ही तिघी करामाहून बर दुबईच्या दिशेने निघालो. ती कोलंबियन बाई मध्येच थांबायची, एखाद्या जुन्या इमारतीच्या गॅलरीत वाळणारे कपडे बघायची आणि म्हणायची, "सगळं कसं सपाट आहे इथे! आमच्याकडे दूध आणायला गेलं तरी चढ चढावा लागतो." हे मी आईला सांगितलं, तर आई लगेच तिच्याकडे वळून मराठीतच म्हणाली, "आमच्याकडे पण तेच. विहिरीवर जाताना उतार, येताना हंड्यासकट चढ." दोघी हसल्या. तेवढं भाषांतर मी केलं, पुढचं त्यांनी मला करूच दिलं नाही. एक दिरहम देऊन अब्राच्या लाकडी होडीतून खाडी ओलांडताना आईने तिचा हात घट्ट धरला होता. माझा नाही, तिचा.

खाडीपलीकडच्या देरा भागातल्या मसाल्याच्या बाजारात माझा फोन वाजला. मॅनेजर होता, सुट्टीच्या दिवशीही त्याचं काहीतरी अडलं होतं. मी एका दुकानाच्या आडोशाला जाऊन बोलले आणि परत आले तर दोघी गायब. पोत्यांतली काळी वाळकी लिंबं बघत होत्या तिथे आता दुसरंच गिऱ्हाईक उभं होतं.

आईचा फोन घरी चार्जिंगला. त्या बाईचा फोन हॉटेलच्या वायफायशिवाय चालत नव्हता. मी एक गल्ली धुंडाळली, मग दुसरी. हिरव्या साडीतली आई आणि उंच गोरी बाई, असं प्रत्येक दुकानदाराला विचारत सुटले. पाऊण तास गेला असेल. मनात एकच, की आईला इथलं काहीच माहीत नाही, मी तिला आणलंच कशाला.

त्या दोघी मला सापडल्या एका मोच्यापाशी. एका इमारतीच्या सावलीत पेशावरकडचा म्हातारा मोची त्या बाईच्या सँडलचा तुटलेला पट्टा शिवत होता. ती एका उलट्या क्रेटवर बसली होती आणि समोर, जमिनीवर, माझी आई. तिचं पाऊल आईच्या मांडीवर होतं. आईने आपला रुमाल फाडून बाटलीतल्या पाण्याने ओला केला होता आणि फुटलेल्या फोडाभोवती ती पट्टी बांधत होती. बांधता बांधता बोलत होती. ती बाई ऐकत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

मी ओरडायच्या बेतात होते. मोची माझ्याकडे बघून म्हणाला, "आप इनके साथ हैं? अम्मा ने बोला, बेटी का पैर कट गया है, पहले इसका काम करो."

परतीच्या होडीत ती बाई माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "तुझ्या आईने आकाशाकडे बोट करून विचारलं, 'आई?' तू तिला हाक मारतेस तोच शब्द, म्हणून कळलं. मी मान हलवली. मी चार वर्षं तिला घरात सांभाळलं. ती गेली आणि हा माझा पहिला प्रवास." मग म्हणाली, "ती नंतर खूप वेळ बोलत होती. काय, ते मला माहीत नाही."

संध्याकाळी घरी चहा करताना मी आईला विचारलं, "एवढं काय सांगत होतीस तिला?"

"तुझ्या बाबांचं. त्यांच्या आजारपणाचं, सगळं."

"तिला मराठी कुठे येतं, आई?"

"म्हणून तर सांगता आलं." आई साखरेचा डबा पुसत राहिली. "तुला सांगायचं म्हणजे, तू इतक्या लांब. वाटायचं, ऐकून जिवाला लावून घेशील."

मी बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांत एकदाच गेले होते, आठ दिवसांसाठी. अंत्यविधीलाही पोचले नव्हते. याबद्दल ती मला कधी एका शब्दाने बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं. गॅस बारीक केला आणि म्हटलं, "मला सांग ना."

"आत्ता नको. अशी समोर बसून नाही जमणार मला. चालताना सांगेन."

ती कोलंबियन बाई त्याच आठवड्यात परत गेली. जाताना आईला मिठी मारून तिच्या भाषेत बरंच काही बोलली, आईनेही "हो गं, हो" म्हणत ऐकून घेतलं. त्यानंतर व्हिजा संपेपर्यंत दर रविवारी आम्ही दोघी चालायला निघायचो. आई समोर बघत बोलायची, थोडं थोडं. बाबांना भरवताना ते कसे चिडायचे, रात्री कोणत्या कुशीवर वळवावं लागायचं, कधीकधी तिलाही किती राग यायचा त्यांचा. शेवटच्या सकाळबद्दल तिने तिसऱ्या रविवारी सांगितलं. आम्ही करामाशेजारच्या मनखूल भागात एका बसस्टॉपवर उभ्या होतो. घराकडे जाणारी करामाची बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं. मी हातानेच त्याला जायला सांगितलं आणि आई बोलत राहिली.