उजेड वळवणारे भाऊजी

आमच्या भाऊजींसारखा हट्टी माणूस शिरपूर ते मेडशी या पट्ट्यात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. ताईचे यजमान, त्यामुळे मला तोंड उघडायची सोय नव्हती. ते शाळेत विज्ञान शिकवत आणि जगातली कुठलीही अडचण उजेड वळवून सुटेल असं मानत. एकदा वर्गात त्यांनी काचेची नळी फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलात बुडवून दिसेनाशी केली. काचेत आणि तेलात उजेड सारखाच वाकतो, म्हणून नळी दिसत नाही, इतकंच ते होतं. पण तेव्हापासून भाऊजींना बैलगाडीपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळंच गायब करायचं होतं. ताईनं त्याच तेलात भजी तळली, तर त्यांनी तिच्याशी अबोला धरला. भजी मात्र खाल्ली.

त्यांचं पहिलं लेकरू गेलं तेव्हा गाव म्हणालं, नजर लागली. भाऊजी आता गावाला झाडणार, अशी माझी खात्री होती. झालं उलटंच. पुढं मुलगी झाली, तेव्हा त्यांनी बंद पडलेल्या सलूनमधले चार मोठे आरसे आणून पाळण्याभोवती तिरपे उभे केले.

"हे काहून, भाऊजी?"

"नजर म्हंजे काय रे? उजेडच ना? उजेड पाळण्याले वळसा घालून गेला, का नजर बी गेली!"

मी कपाळाला हात लावला. पण दारातून पाहिलं, तर आरशांच्या कडा तेवढ्या दिसत होत्या, पाळणा खरंच नव्हता; त्याच्यामागचं भिंतीवरचं कॅलेंडर सरळ दिसत होतं.

बारशाला आलेल्या बाया दारातच थबकल्या. "माय वो, पाळणा कुठी आहे?" तेवढ्यात कॅलेंडर रडू लागलं, आणि दोघीतिघी मागच्या मागं अंगणात पळाल्या. स्वयंपाकघरातून ताई ओरडली, "इकून या वो, इकून दिसते!" त्या बाजूला आरशांचं काही चालत नव्हतं. बायांनी तिकडून येऊन पोरीचे गाल कुरवाळले, कडाकडा बोटं मोडली. भाऊजींचा चेहरा पडला.

उन्हाळ्यात पोरीला ताप आला. एसटीनं अकोल्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी महिन्याभरानं गेलो, तर आरसे तसेच उभे. माझं डोकंच फिरलं. "काढा ना आता हे! ताईकडं तरी पाहा!" भाऊजी उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं.

"इथून पाह्य. पाळणा भरला आहे का रिकामा, समजते काय तुले?"

समोर कॅलेंडर होतं. मला रडू आवरेना. "नाही समजत, भाऊजी."

"म्हणून इथीच बसून राह्यतो मी."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिथून तिला सगळं दिसत होतं. ती हात पुसत आली, पाळण्याला वळसा घालून उंबऱ्यापाशी पोहोचली आणि म्हणाली, "सरका जरासे."

भाऊजी सरकले.