कशावरून भांडायचे?

कुणी निवृत्त झालं, कुणी वारलं, की त्याच्याविषयी 'चार शब्द' लिहून घ्यायला सगळे ज्याच्याकडे धावत, त्याचं नाव 'चारशब्दे' पडलं ह्यात नवल ते काय? पोटापाण्यासाठी छापखान्यात मुद्रितं तपासायचा, पण मान मिळायचा तो ह्या लिखाणाला. एक खोड मात्र होती. त्या माणसाच्या घरच्यांना पहिला प्रश्न हाच: "कशावरून भांडायचे?" लोक चपापत. हा म्हणे, "अहो, गुण सगळ्यांचे सारखेच असतात. भांडण ज्याचं त्याचं!"

मग लेकीनं फोनमध्ये ते एआय घालून दिलं. आधी ह्यानं नाक मुरडलं. पण दुखऱ्या मनगटाला केवढा आराम! बोललं की टाइप होई, चुका सुधारून येत. हळूहळू नुसतं नाव, वय, नोकरी सांगितली की मजकूर हजर. तो प्रश्न कधी गळून पडला, कळलंही नाही. दुसऱ्याचं लिहिलेलं आपलं म्हणून खपवतोय की काय, असं मन कुरतडू लागलं, की म्हणे, "चष्मा लावला म्हणून काय वाचणारा मी नाही?"

अशात थोरला भाऊ गेला. आईच्या आजारपणात कुणी किती केलं ह्यावरून दोघांत कित्येक वर्षं अबोला होता. उद्या शोकसभा, आणि वहिनीनं लिहायला ह्यालाच सांगितलेलं. लिहायला बसला की पहिलं वाक्यच सुचत नसे. उठे, येरझारा घाली, पाणी पिई, पुन्हा बसे. शेवटी फोनलाच सांगितलं. क्षणात शांत, प्रेमळ भाऊ तयार! शांत कसला, चांगला भडकू माणूस होता तो. तरी हा फोन घेऊन भावाच्या घरी गेलाच.

वहिनीनं स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वाचलं. "छान आहे, भाऊजी. पण तुम्ही मला विचारलंच नाहीत."

"काय?"

"सगळ्यांना विचारता ते. कशावरून भांडायचे."

हा खाली बघत म्हणाला, "ठाऊक आहे, वहिनी. माझ्यावरून."

"हो, तुमच्यावरूनच. दर रविवारी! 'त्याला जेवायला बोलाव' म्हणून माझ्या मागे लागायचे. मी म्हणायचे, तुम्हीच करा की फोन. झालं, लागलीच जुंपायची!"

ह्याला हुंदका आवरेना. फोनचा काय दोष? घरोघरी जाऊन विचारायचं काम ह्याचं, आणि गड्यानं नेमकं तेच टाळलं.

डोळे पुसून तो स्टुलावर बसला. "पेन द्या, वहिनी," म्हणाला. "आणि सांगा, दादा पहिल्यांदा कधी म्हणाला असं?"