पोहणाऱ्यालाच विकायचं घड्याळ

बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या बोळात घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं एक टपरीवजा दुकान होतं. नव्वदनंतरची पहिली काही वर्षं असतील. मी तेव्हा अंथुर्ण्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचो. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं, आणि महिन्यातून एकदा बारामतीला जाऊन त्या दुकानाच्या काचेला नाक लावणं एवढा एकच शौक होता. ज्याच्या त्याच्या मनगटावर सेलची हलकी घड्याळं आली होती. मला मात्र जड, कानाशी धरलं की टिकटिक ऐकू येणारी घड्याळं आवडायची.

एका शनिवारी दुकानदारानं मला बघितलं आणि खणातून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून पुढ्यात ठेवली. स्विस घड्याळ होतं, पोलादी, हातात घेतलं तर अडकित्त्याएवढं जड. काळी तबकडी, जाडजूड काटे, अंधारात चमकणारे ठिपके, आणि सभोवती एकेक खटका घेत फिरणारी कडी. हात हलला की आपोआप चावी भरायची. हे पाणबुड्यांचं घड्याळ, दोनशे मीटर पाण्याखाली चालतं, असं त्यानं सांगितलं. काचेवर बारापासून पाचपर्यंत एक वाकडा ओरखडा होता, नख अडकेल इतका खोल. बाकी बारीक ओरखड्यांची तर गणतीच नव्हती. किती वाजले ते बघायला मनगट उजेडाकडे तिरपं धरावं लागायचं.

त्या मोठ्या ओरखड्याबद्दल दुकानदार आवाज खाली आणून बोलला. घड्याळाचा मालक जहाजावर इंजिनिअर होता, परदेशी समुद्रात खोल बुडी मारताना हात प्रवाळाच्या खडकाला घासला, त्याची ही खूण. काच बदलू नका, असंही दुकानदार म्हणाला, बदलली की मजा गेली. मी दरवर्षी नववीला प्रवाळ शिकवत होतो आणि आयुष्यात प्रवाळ पाहिलं नव्हतं. त्या ओरखड्यावरून मी चार वेळा बोट फिरवलं.

अडचण एकच होती. मालक राहायला वडगाव निंबाळकरला, आणि गिऱ्हाईक स्वतः बघितल्याशिवाय तो घड्याळ देत नव्हता. आधी दोघं जाऊन हात हलवत परत आले होते. तिथं विचारतात तरी काय, असं मी विचारलं, तर दुकानदार भिंग डोळ्याला लावून दुसऱ्या घड्याळात वाकला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी वडगावला गेलो. उसाच्या कडेला घर, दारात तीन म्हशी. मालक साठीच्या पुढचे, पांढऱ्या मिशा, खाकी हाफपँट आणि बंडी. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागलो. काकींनी चहा दिला. आबांनी गाव, नोकरी, घरची माणसं असं सगळं विचारून घेतलं. मग कप खाली ठेवून म्हणाले, “पवायला येतंय का?”

आधीच्या दोघांनी खरं सांगितलं असणार. माझं लहानपण इंदापूरच्या कोरड्या बाजूला गेलेलं. मला माहीत असलेलं सर्वांत खोल पाणी म्हणजे न्हाणीतलं घंगाळ. पण घड्याळ बघून झालं होतं. मी म्हणालो, “येतं की.”

“हिरीत का नदीत?”

“दोन्हीत.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मग फुडच्या ऐतवारी या. आमच्या हिरीत एक चक्कर मारून दावा आन् घड्याळ घिऊन जावा. पाण्याची वळख न्हाय त्याच्या हातात आपन हे देनार न्हाय.”

काकी दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. माझं खोटं त्यांनी ओळखलं असं मला वाटलं, आणि परतीच्या एसटीत मी बोटांवर दिवस मोजले.

हातात सहा दिवस होते. सोमवारी मधल्या सुट्टीत मी आमच्या शाळेच्या शिपायाला बाजूला घेतलं. त्याला आम्ही मामा म्हणायचो. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आणि तरुणपणी कळपाबरोबर हिंडताना त्यानं पुराच्या नद्या ओलांडल्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला की अंथुर्ण्यात नको, पोरं बघतील. कळंबला त्याच्या सासऱ्याची विहीर होती, तिथं शाळा सुटल्यावर सायकलीनं जायचं ठरलं.

शाळेत मामा माझ्यासमोर कधी खुर्चीवर बसला नव्हता. विहिरीवर मात्र तो वेगळाच माणूस झाला. त्यानं गोडेतेलाचा रिकामा डबा माझ्या पाठीला करकचून बांधला आणि पायऱ्यांकडे नुसतं बोट दाखवलं. मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि वस्तू पाण्यावर का तरंगते ते त्याला समजावून सांगू लागलो. त्यानं अर्ध्यापर्यंत ऐकलं आणि मला ढकललं. मी वर आलो, खाली गेलो, पुन्हा वर आलो, तेव्हा तो पायरीवर बसून तंबाखू मळत होता.

“सर,” तो म्हणाला, “ते समदं वर ठिवा आन् पाय हालवा.”

कळंबची पोरं आमच्याच शाळेत येतात हे आम्ही दोघंही विसरलो होतो. मंगळवारी काठावर चारजण होते. बुधवारी जवळजवळ सगळी नववी ब होती. कुणी हसलं नाही. सगळे हाताची घडी घालून, माझ्या तासाला कधी बसले नव्हते इतके शांत बसले होते. गुरुवारी वर्गात मी फळ्याकडे वळलो की मागच्या बाकावरून पत्र्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज यायचा. कुणी केलं, असं विचारायची सोय नव्हती, कारण काय केलं ते मला आधी सांगावं लागलं असतं.

शनिवारी मामानं डबा सोडला. मी नाकातोंडात पाणी जाऊ देत, हातपाय झाडत विहिरीला एक फेरी मारली आणि पायरी धरली. मामानं विचार करून निकाल दिला. “बुडनार न्हाय. पर पवायला येतंय असं मातुर कुनाला सांगू नका.”

रविवारी वडगावला पोहोचलो. पाटाचं पाणी येऊन गेलं होतं, घरामागची विहीर वरच्या पायऱ्यांपर्यंत भरलेली. वीज नव्हती, मोटर बंद, सगळीकडे शांत. आबा खांद्यावर टॉवेल टाकून आधीच हजर होते. मी कपडे काढले, कुलदैवताचं नाव घेतलं आणि उतरलो. फेरी पुरी झाली. पायरी धरून मी दम लागलाच नाही असा चेहरा केला. आबा म्हणाले, अजून एक मारा. ती कशी पुरी झाली ते मला अजून कळलेलं नाही.

वर आलो तर आबा पायरीवर बसले होते, पाय पाण्यात सोडून. त्यांनी मान वळवून घराकडे बघितलं, काकी आसपास नाहीत याची खात्री केली आणि हळू म्हणाले, “मास्तर, मला शिकवाल का?”

मला आधी नीट कळलंच नाही. मग त्यांनी एकेक करून सांगितलं. अठ्ठावीस वर्षं जहाजावर काढली ती सगळी खाली इंजिनाच्या खोलीत. समुद्रात पाऊल टाकलं नव्हतं. घड्याळ एका बंदरात घेतलं, कारण बरोबरच्या साहेबलोकांकडे तसलंच होतं. गावी आल्यावर लोकांनी मनगट बघून ठरवून टाकलं की हा माणूस पट्टीचा पोहणारा. त्यांनीही कधी नाही म्हटलं नाही. नंतर कुणी विहिरीवर बोलावलं की कधी गुडघा दुखायचा, कधी कान. आता या वयात गावातल्या कुणाला शिकव म्हणायची लाज वाटत होती. “घड्याळ इकायचं निमित्त काढलं. त्याबिगर लांबचा पवनारा मानूस घरी कसा बोलवायचा?”

आता खरं बोलणं भाग होतं. मी म्हणालो, “आबा, मी गेल्या सोमवारीच शिकायला लागलो.”

आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पायरीवर ठेवला. मग म्हणाले, “बरं झालं. म्हंजे समदं ध्यानात असंल अजून.”

शिकवायचं तर डबा हवा होता. तो कुठून आणायचा असा विचार चालला होता, तेवढ्यात काकी एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात दोर घेऊन पायऱ्या उतरून आल्या. आबांनी पाण्यातले पाय वर घेतले.

“मला ठावं हाय,” काकी म्हणाल्या. “लगीन झालं त्या सालापासनं ठावं हाय. नीरेच्या काठाला वाढले मी, मला काय पवनारा मानूस वळखू येत न्हाय व्हय? इचारलं असतं तर मीच शिकवलं असतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आन् काचंचं सांगितलं का तुमाला? म्हस धुताना शिंग लागलंय ते.”

आबांनी डबा ओढून घेतला आणि पाठीला लावून बघितला. प्रवाळाची गोष्ट दुकानदाराची की त्यांची, हे मी विचारलं नाही.

चार रविवार मी वडगावला गेलो. मामानं मला जे जे सांगितलं ते सगळं मी आबांना शब्दशः सांगितलं, कारण त्यापलीकडे मला काही येतच नव्हतं. चौथ्या रविवारी त्यांनी डब्याशिवाय विहीर ओलांडली आणि पलीकडची कपार धरून इतका वेळ लटकून राहिले की मला वाटलं आता मोटरच लावून विहीर उपसावी लागते. त्या दिवशी आबांनी दुकानदाराच्या नावानं चिठ्ठी दिली, घड्याळ यांना द्या म्हणून. शिकवणीबद्दल काकींनी तूप दिलं.

बारामतीला पैसे मोजून घड्याळ हातात घेताना मी दुकानदाराला म्हशीच्या शिंगाचं सांगितलं. त्याला काही वाटलं नाही. म्हशीचं सांगून माल कोण घेईल, असं त्यानं मलाच उलट विचारलं.

पुढच्या उन्हाळ्यात आबांचं पोस्टकार्ड आलं, येऊन जा म्हणून. मी गेलो तेव्हा घरात कुणी नव्हतं. विहिरीवर गेलो. काकी नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून पुढं पोहत होत्या, पाण्याचा आवाजसुद्धा होत नव्हता. मागून आबा हातपाय आपटत, सगळीकडे पाणी उडवत त्यांना गाठायला बघत होते. काकी मध्येच थांबून त्यांना जवळ येऊ द्यायच्या आणि दोन हातांत पुन्हा पुढं निघून जायच्या. मला बघून त्या म्हणाल्या, “या मास्तर, उतरा.”

मी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं आणि पायरीवर बसून राहिलो.