न चिकटवलेली माणसं

ताईचा फोन आला तेव्हा मी भाऊजींचंच पार्सल फोडत होतो. भंडाऱ्यात माझं स्टेशनरी आणि खेळण्यांचं दुकान आहे, आणि गेली काही वर्षं त्या दुकानाचं सगळ्यात चिवट, सगळ्यात कटकटीचं गिऱ्हाईक म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, मिलिंद. प्लास्टिकच्या ठोकळ्यांसोबत येणारी ती बोटभर माणसं असतात ना, ज्यांचे केस, डोकं, हात, पाय सगळं सुटं होतं, त्यांच्यासाठी या वेळी त्यांनी अंबाडा घातलेले केस मागवले होते. पिशवी हातातच होती. "विजू, तुझे भाऊजी गेले रे," ताई म्हणाली. आणि मी मूर्खासारखा म्हणालो, "अवो ताई, पन त्यायचे अंबाडे आले ना आत्ता..." पलीकडून ती रडता रडता हसली. त्या माणसाच्या मरणावर पहिला जो आवाज निघाला त्यात हसू होतं, आणि मला वाटतं त्यांना ते आवडलं असतं.

भाऊजी चिखल्याच्या मँगनीज खाणीत टाइम ऑफिसला होते. कामगारांची हजेरी घ्यायची, पाळ्या लावायच्या, असं रुक्ष काम. पण माणूस असा उतावळा की लग्नाच्या वेळी मंगलपरिणयाचा विधी सुरू व्हायच्या आधीच त्यांनी ताईला हार घालून टाकला होता! एकदा ते दुकानात आले असताना माझ्याकडे प्रवासात फुटलेला एक खोका पडला होता. त्यातला पोलीस त्यांनी उचलला, त्याची टोपी काढली, डोकं काढलं, दुसऱ्याच्या धडावर बसवलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू खाणीत सोनं लागलं. "विजू, याचा कोनीबी होते बे!" झालं. त्या दिवसापासून त्यांनी या बाहुल्यांतून थोर माणसं घडवायला घेतली आणि आमचं सुख संपलं. दिवसातून तीनदा फोन. "दाढी कायची करू?" "घोड्याची मान वळत नाही, काय करू?" छत्रपतींच्या दाढीसाठी त्यांनी शेवटी खाणीतली काळी भुकटी व्हार्निशमध्ये कालवली आणि काडीच्या टोकाने एकेक ठिपका देत बसवली. "आपल्या चिखल्याची दाढी आहे, पाह्य!" असं म्हणत तो घोडेस्वार त्यांनी खाणीच्या अख्ख्या कॉलनीत फिरवला. सावित्रीबाईंनी मात्र घाम फोडला, कारण या बाहुल्यांना पँट असते. ताईनेच तोड काढली. पाय काढून टाकायचे, त्या जागी उतरता ठोकळा लावायचा आणि त्यावर लुगड्याचे काठ रंगवायचे. ते जमलं त्या दिवशी दोघं नवराबायको तुमसरवरून बस पकडून थेट भंडाऱ्याला दुकानात आले, आणि जेवणाचा डबा उघडून आतल्या सावित्रीबाई दाखवल्या. डब्यात भाजी नव्हतीच, कापूस होता.

पण खरी कसोटी बाबासाहेबांची. निळा कोट झाला, चष्मा झाला, एका हातात जाडजूड पुस्तक आलं. अडलं ते बोटाशी. या बाहुल्यांचे हात म्हणजे आकडे. त्यात तलवार मावते, काठी मावते, पण आकड्याला बोट कुठून आणणार? आणि बोटाशिवाय बाबासाहेब ओळखतील तरी कोण? सगळी कॉलनी या कामाला लागली. कुणी झाडूची काडी आणली, कुणी टाचणी. शेवटी जळालेल्या मोटरीच्या वायंडिंगमधली तांब्याची तार त्यांनी आकड्यात बसवली, वर रंगाऱ्याच्या लांबीचा हात दिला, आणि मला फोन केला. "बोट उठलं!" एवढंच ओरडले आणि ठेवला. मी गल्ल्यावर बसून एकटाच टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

जयंतीला कॉलनीच्या बुद्धविहारात मेज मांडून त्यांनी सगळी माणसं ठेवली. सम्राट अशोक, कबीर, छत्रपती, जोतिबा, सावित्रीबाई, रमाई आणि मधोमध बाबासाहेब. पोराटोरांची झुंबड! एका चिमुरडीने बाबासाहेब उचलले आणि जे कुठलंही मूल करील तेच केलं. डोकं काढलं. विहार समितीचे रामटेकेकाका पुढे आले. खाणीतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांनी ते डोकं तळहातावर घेतलं.

"मिलिंदा, हे मुंडकं निंघते?"

"हो काका. सगळ्यायचंच निंघते."

"आमी पुतळ्यापाशी पहारे देल्ले बापा, कोनी हात लावू नये म्हनून. अन् तू हातानं मुंडकं निंघनारे बाबासाहेब बनवून राहिला? चिकटवून टाक."

भाऊजींचा चेहरा उतरला, पण ते मागे हटले नाहीत. "काका, चिकटवलं का मंग तो पुतळाच झाला. पुतळे आपल्यापाशी हायेत. त्यायले लेकरं हार घालतात अन् घरी जातात. हे हातात घेतलं त पोट्टी मले विचारते, हे कोन व्हय, बोट कायले दाखवून राहिले. मंग मी सांगतो."

काका निघून गेले. मला विचाराल तर दोघंही खरे होते. ज्याने तुटलेला पुतळा पाहिलाय त्याला सुटं डोकं पाहवत नाही, त्यात त्याची काय चूक? पण विहाराचं दार या माणसांना बंद झालं ते झालंच. मग ती भाऊजींच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत उघड्या फळीवर राहिली. शाळा सुटली की खोली भरायची. नियम एकच. वाटेल ते सुटं करा, पण जाताना ज्याला हातात घेतलं त्याची एक तरी गोष्ट सांगून जा. लेकरं काय काय सांगायची! भाऊजी चुका दुरुस्त करता करता स्वतःच रंगून जायचे आणि चहा निवून जायचा. काकांशी त्यांचं बोलणं मात्र तुटलं होतं, आणि ते त्यांना आत कुठेतरी लागून राहिलं होतं.

डॉक्टरांनी हृदयाला जपा, उत्साह आवरा म्हणून सांगितलं होतं. म्हशीला पाण्यात बसू नको म्हणून सांगण्यातलाच प्रकार. शेवटचा भेटलो तेव्हा दवाखान्याच्या खाटेवरही ते नव्या बाईमाणसांचं बोलत होते, ज्यांच्यासाठी ते अंबाडे हवे होते. निघताना माझा हात धरला. "विजू, मी नसलो त यायले काचेत नको कोंडजो... चिकटवजो त बिलकुल नको." मी म्हणालो, काहीतरी बोलू नका. चार दिवसांनी फोन आला.

नोकरीत असतानाच गेले, म्हणजे क्वार्टर सोडावं लागणार. ताई माझ्याकडे भंडाऱ्याला येणार होती. पण ती माणसं? माझ्या दुकानात ठेवली तर कॉलनीतली लेकरं यायची कुठून? पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी ताई त्या फळीसमोर बसून होती. तेवढ्यात रामटेकेकाका आले. वंदना झाली, आणि ते म्हणाले, "सून, हे सगळे विहारात ठेवू. काचेचं कपाट मी बनवून देतो. कुलूपाचं." एवढा मोठा मान! मला भरून आलं. ताईने पदर सावरला आणि म्हणाली, "काका, मिलिंदनं जाताना विजूले म्हटलं, यायले काचेत कोंडू नको, चिकटवू नको. कुलूप असन त मी नाई देनार."

काका फळीजवळ गेले. बाबासाहेब उचलले, चष्म्याजवळ धरून त्या तांब्याच्या बोटाकडे बराच वेळ पाहिलं. मग फार हळू, जसं काही दुखेल, त्यांनी डोकं काढलं. पुन्हा बसवायला गेले तर बसेना. बोटं म्हातारी झालेली. दारातून एक पोरगी पुढे आली. "जोरात दाबा आजोबा. काही नाई होत त्यायले. टक वाजलं पायजे." काकांनी दाबलं. टक वाजलं. आणि तो कमी बोलणारा माणूस भर सभेत हुंदका देऊन हसला. "खरंच की गा, काही नाई झालं."

"मंग सांगा ना आजोबा," पोरगी म्हणाली, "हे कोन व्हय?"

काका तिथेच खाली बसले आणि सांगू लागले. जेवणं थंड झाली, पण उठलं कुणी नाही.

कपाट आता विहारात आहे. काच आहे, कुलूप नाही. परवा मी चिखल्याला गेलो होतो तर आत सम्राट अशोक कबिराची टोपी घालून उभे होते आणि कबीर बोडके. मी नीट करायला हात घातला, तर काका मागून ओरडले, "राहू दे ना गा! ज्यानं घातली तो पोट्टा उद्या सांगाले येनार हाय, काहून घातली ते."