अण्णांच्या नावाची प्रार्थना

आत्या, आम्ही गाव सोडलं तेव्हा तू वेशीपर्यंत आली होतीस. अण्णांनी, म्हणजे तुझ्या नि पपांच्या थोरल्या भावानं, आम्हाला बाहेर काढून घराला आपलं कुलूप घातलं होतं. टेम्पोत एक पेटी, पिठाचा डबा आणि आम्ही तिघं. आईनं तिथंच डोळे मिटून प्रार्थना केली आणि पहिलं नाव अण्णांचंच घेतलं. पपा आमेन म्हणाले नाहीत.

पिंपरीजवळ चिखलीत पत्र्याची खोली मिळाली. शेजारच्या वर्कशॉपमधली लेथ थांबली की आपली रोजची प्रार्थना: आधी शास्त्रपाठ, मग प्रत्येकानं एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागायचं. आई रोज अण्णांसाठी मागायची. पपा मात्र दाविदाची स्तोत्रं ओळीनं वाचायचे आणि वैऱ्याला दिलेले शाप आले तरी काही गाळायचे नाहीत. त्याची लेकरं पोरकी होवोत, इथपर्यंत. मी चक्रावून जायचे. वैऱ्यावर प्रीती करा म्हणायचं आणि त्याच पुस्तकात हे? एकदा विचारलंच. पपा म्हणाले, "राग हाय तो देवापुढं ओतायचा, बाळा. पोटात ठिवला तर वैऱ्याला भाकरी वाढताना हात आखडतो."

शेवटी पोरके आम्हीच झालो. पपांना गावात, आपल्या आईशेजारी माती हवी होती. अण्णा चर्चचे पंच. त्यांनी जागा दिली नाही, हे तुला माहीतच आहे. पपा पिंपरीच्या कबरस्थानात आहेत आणि मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला.

गेल्या आठवड्यात तू अण्णांना गावातल्या एकाबरोबर इथल्या दवाखान्यात दाखवायला पाठवलंस. विसरायला लागलेत, एवढंच फोनवर बोललीस. त्यांना दारात पाहून वाटलं, दार लावून घ्यावं. आईनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. मी नुकतीच फर्स्ट शिफ्ट करून आले होते. मुकाट्यानं पीठ मळायला घेतलं.

संध्याकाळी मी शापाचं तेच स्तोत्र काढलं आणि मोठ्यानं, सगळं वाचलं. पपा देवाला ऐकवायचे. मी अण्णांना ऐकवत होते. ते शांतपणे मान डोलावत राहिले. मग नावं घ्यायची वेळ आली. मेलेल्या माणसासाठी आपल्यात प्रार्थना करत नाहीत. पण अण्णांनी हात जोडले आणि म्हणाले, "देवा, माझा धाकटा भाऊ कंपनीत गेलाय. अजून आला न्हाई. त्याला सुखरूप घरी आण."

आत्या, त्यांचं वैर विसरून झालंय. माझं मात्र सगळं पाठ आहे. विसरलेल्या माणसाला क्षमा कशी करायची, हे पपांनी सांगितलं नव्हतं. मी इतकी रडले, की मला आमेन म्हणता येईना. ते आईनं म्हटलं.

गावी परत कधी येणार, असं तू दर वेळी विचारतेस. ज्या घराला अण्णांनी कुलूप घातलं, ते आता त्यांनाही नीट आठवत नाही. पपा पिंपरीत आहेत, म्हणून माझं गाव आता तेच. रविवारी अण्णांना तिकडे नेईन म्हणते. त्यांना काय कळेल, देव जाणे.

आज जेवताना त्यांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी बाजूला काढली. "धाकट्याला ऱ्हाऊ दे," म्हणाले.

मी ती झाकून ठेवली.