सुपारीच्या कंपनीचं बारसं

तंजावूरच्या दक्षिण वीथीत एका माणसाला पन्नाशीत मुलगा झाला, तोही मद्रासहून टपालानं आला, असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा सुटला. सुटलोच आहे, पण गोष्ट खरी आहे. मुलाच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तिरुवैयारुच्या पलीकडच्या खेड्यातली पाचवी पास सही, पण सरकारनं मान्य केलेली.

बापाचं नाव सीतारामराव. वासाच्या सुपारीचं दुकान. कागदासारखी पातळ कातरलेली सुपारी, वर लवंग, वेलदोडा, गुलाबाची पाकळी. लग्नसराईत पापनाशमपासून गिऱ्हाईक यायचं. माणूस पैशानं बरा, तोंडानं गोड, पण पोटी मूल नाही. बायको वसुमती. तिनं कुठलं देऊळ सोडलं नव्हतं, आणि लोकांनी तिला सोडलं नव्हतं. रावांची बहीण गंगाबाई तर कुणाचं डोहाळजेवण निघालं की मुद्दाम तिच्या दारी यायची. "वसुमती, तू नको येऊस गं, तुला वाईट वाटेल," असं रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मायेनं सांगून जायची.

रावांना ध्यास एकच. आपल्यामागं नाव कोण चालवणार? संध्याकाळी आम्ही त्यांच्या तिण्णैवर, म्हणजे दाराशेजारच्या ओट्यावर, काफी पीत बसायचो, तेव्हा विषय कावेरीच्या पाण्यावरून निघाला तरी शेवटी तिथंच पोचायचा.

एकदा वकील वेंकटरमण आले होते. नवा कंपनी कायदा होऊन वर्षभर झालं असेल. ते म्हणाले, "राव, दुकानाची कंपनी करा. उद्या धंदा बुडाला तर तुम्ही भागांत, म्हणजे शेअरांत, घातलेले पैसे जातील. घर, दागिने यांना कुणी हात लावायचा नाही."

"माझं काय बुडतंय?" राव म्हणाले.

"तुम्ही बुडणार नाही, पण मरणार की नाही? दुकान मालकाबरोबर मरतं. कंपनी मरत नाही. कायद्यानं कंपनी म्हणजे एक स्वतंत्र माणूस. तिला नाव असतं, तिची मालमत्ता असते, ती कोर्टात उभी राहते. तुम्ही गेलात तरी ती जिवंत."

राव काफीचा पेला हातात धरून बसून राहिले. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, काफी गरम लागली.

"आणि नाव मी ठेवायचं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच."

झालं! माणूस बापच झाला त्या क्षणी.

नाव ठेवण्यापासूनच गंमत. आधी मद्रासच्या रजिस्ट्रारला पत्र घालून विचारायचं असतं, हे नाव मिळेल का म्हणून. रावांनी आमच्या जुन्या राजांचं नाव धाडलं. उत्तर आलं, राजघराण्याचा आधार आहे असं भासवणारं नाव चालत नाही. तेव्हा रावांनी दुसरं कळवलं. सीतारामराव अँड सन, प्रायव्हेट लिमिटेड. ते मंजूर झालं. रजिस्ट्रार बिचारा मद्रासचा. त्याला काय ठाऊक, यात सन कुठे आहे ते!

वीथीला मात्र ठाऊक होतं. लोक दुकानात शिरून विचारायचे, "राव, सुपारी नको, मुलगा दाखवा." मीही विचारायचो. चेष्टा करायला असा माणूस पुन्हा मिळत नाही.

मग वकिलांनी घरी बसून दोन कागद तयार केले. एकात कंपनी कोण, तिचं ऑफिस कुठल्या राज्यात, भांडवल किती, भागधारकांची जबाबदारी कुठवर, आणि मुख्य म्हणजे ती काय काय करणार, ते सगळं. दुसऱ्यात घरचे नियम: सभा कशा घ्यायच्या, भाग कुणाला द्यायचे, कुणाला नाहीत.

"उद्देश नीट विचार करून सांगा," वकील म्हणाले. "इथं जे लिहिलं नाही ते कंपनीला करता येत नाही. केलं तरी कायद्यापुढं ते केलंच नाही."

राव सांगत सुटले. सुपारी विकत घेणं, कातरणं, वास लावणं, डबे भरणं, विकणं. पानं. चुना. अत्तर. पुढंमागं उदबत्ती. सुचेल ते सगळं. वकील लिहिताहेत, मी वारा घालतोय. तेवढ्यात वसुमती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून म्हणाली, "शेवटी यांना अग्नी कोण देणार, तेही लिहा त्यात."

वकील इतके हसले की काफी धोतरावर सांडली. "अम्मा, हे सुपारीच्या कंपनीचं पत्र आहे!"

"मुलगा म्हणताय ना?"

"बरं बरं, आत जा," राव म्हणाले. तेही हसत होते. ती एकटीच हसत नव्हती.

खाजगी कंपनीला निदान दोन माणसं लागतात. राव आणि वसुमती. भाग सगळे रावांच्या नावावर, तिचा एक. दोघांनी आपापल्या हातानं नाव, पत्ता, धंदा लिहून सह्या केल्या. वसुमतीच्या धंद्याच्या रकान्यात काय लिहायचं यावर बराच खल झाला आणि "गृहिणी" लिहिलं. खाली साक्षीदार मी. आधी छापून, मुद्रांक लावून ठेवलेलेच ते कागद होते. वकिलांनी कायद्याप्रमाणं सगळं झाल्याचं शपथेवर लिहून दिलं, फी भरली आणि बाड मद्रासला गेलं. काही आठवड्यांनी प्रमाणपत्र आलं. अमुक तारखेस ही कंपनी अस्तित्वात आली, असं.

रावांनी ती तारीख घेऊन ज्योतिषी गुरुमूर्तींकडं धाव घेतली आणि कंपनीची पत्रिका मांडून घेतली! गुरुमूर्ती म्हणाले, दीर्घायुषी आहे, पण पित्याला जड. राव म्हणाले, दीर्घायुषी आहे ना, मग झालं.

आणि बारसं! अहाहा, ते बारसं मी मरेपर्यंत विसरणार नाही. दिवाणखान्यात पाळणा टांगला, आत तांबडं रेशीम, त्यावर ते प्रमाणपत्र. सुवासिनी जमल्या. गंगाबाई मुद्दाम पुढं होऊन म्हणाली, "वसुमती, आईनं झोका द्यायचा असतो. दे की!" बायका पदर तोंडात कोंबून हसताहेत. वसुमतीनं पाळण्याची दोरी धरली आणि कागदाला झोका दिला. पाळणा गायला सगळ्यांनी. ती दोरी ओढत राहिली. गंगाबाईचा मुलगा राजगोपाल बी.कॉम. होऊन नुकताच आला होता. तो म्हणाला, "मामी, बाळाला टाचणी टोचेल हं!" सगळे इतके हसले की पाळणा आपोआप हलायला लागला.

आता रावांच्या घरची रीत अशी, की बारशाला आलेल्या आप्ताला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. नारळ, पानसुपारी आणि वर चांदीचं काहीतरी. राव म्हणाले, हा मुलगा कंपनी आहे, तेव्हा परत आहेरही कंपनीचाच. तांबूलाच्या पिशवीतून आप्तांना भाग द्यायचे!

वकिलांनी त्यांना बाजूला ओढलं. मी शेजारीच होतो. "राव, हे नारळ नव्हेत. ज्याच्याकडं भाग जास्त त्याची कंपनी. निम्म्याच्या खाली उतरू नका."

"बारशाला मोजून द्यायचं? बहिणीला?"

"नियमात लिहिलंय, संचालक नको म्हणाले तर भाग कुणाकडं जात नाहीत. संचालक तुम्हीच आहात. नको म्हणा."

"दारी आलेल्याला मी नको म्हणू?" राव म्हणाले आणि कागद मागवले. गंगाबाईला जास्त, कारण आत्या. राजगोपालला, बाकी आप्तांना. वाटून झालं तेव्हा रावांकडं निम्म्याहून कमी उरले. मला नारळ मिळाला, कारण मी आप्त नव्हे. गोड निघाला.

पुढं कंपनीचा शिक्का आला, कागदावर दाबला की नाव उठायचं. वकील म्हणाले, "हा कंपनीचा हात. हा उठला की कंपनीनं सही केली." राव तो शिक्का रोज पुसून देवापाशी ठेवायचे, आणि जाता येता त्याला कुरवाळायचे.

राजगोपाल दुकानात बसू लागला. हुशार. त्याला राव संचालकही करून बसले. मग त्याला यंत्र हवं झालं, स्वस्तातली सुपारी आणि वर बाटलीतला वास हवा झाला. राव नको म्हणाले. त्या माणसानं जन्मात पहिल्यांदा कुणाला नको म्हटलं, आणि तेही उशिरा.

एक दिवस रावांच्या हाती नोटीस पडली. सीतारामराव यांना संचालक पदावरून दूर करण्याचा ठराव. सभा त्यांच्याच घरी, कारण कंपनीचा पत्ता तोच. पाळणा टांगला होता त्याच कडीखाली सगळे बसले. वसुमतीनं सगळ्यांना काफी दिली. आलेल्याला द्यावीच लागते.

"दादा, तुझ्याच मुलाच्या भल्यासाठी करतोय," गंगाबाई म्हणाली आणि पहिला हात तिचा वर गेला. मग इतरांचे गेले, सगळे बारशाला जेवून गेलेले. विरुद्ध हात दोनच, एक रावांचा, एक वसुमतीचा.

राव वकिलांकडं वळले. "पण बाप मी आहे."

"कायद्यात कंपनीला बाप नसतो, राव," वकील म्हणाले. "सांगितलं होतं मी. स्वतंत्र माणूस."

त्यानंतर राव समोरच्या कापडवाल्याच्या बाकावर बसायचे. दिवसभर स्वतःच्या नावाच्या पाटीकडं बघत. लोक विचारायचे, "काय राव, मुलानं घराबाहेर काढलं?" मी म्हणायचो, "पोरगं मोठं झालं, राव! आता तुम्ही काशीला जा." ते हसायचे. हसून हसून त्यांचं तोंड वाकडं झालं, मग वैद्य म्हणाले, हा झटका आहे.

एकदा काठी टेकत दुकानात गेले, चिमूटभर सुपारी मागितली. राजगोपाल म्हणाला, "मामा, कंपनीचा माल फुकट देता येत नाही. घरचं असतं तर दिला असता." आणि हात पुढं केला. रावांनी कनवटीचं नाणं काढून दिलं. सुपारी तोंडात टाकली, बाटलीतला वास लागला, आणि बाहेर येऊन थुंकले. माझ्या चपलेवरच.

ते गेले चौसष्ट साली, ऐन लग्नसराईत. तिण्णैवर आम्ही सगळे जमलो. गंगाबाई मोठ्यानं रडत होती, तिचं रडणं नेहमी रस्त्याच्या बाजूला तोंड करून. राजगोपाल ओल्या पंच्यानं पुढं झाला. भाचाच जवळचा, अग्नी त्यानंच द्यायचा.

वसुमती दारात आली. "तू नको. मुलगा आहे."

कुणाला काही कळेना.

"मुलगा दुकानात आहे. त्याचा हात आण. शिक्का आण. त्यावर कापूर ठेवून अग्नी देऊ दे बापाला."

राजगोपाल गोंधळला. "मामी, शिक्का असा वापरता येत नाही. संचालकांचा ठराव लागतो."

"मग करा ठराव. सगळे इथंच आहात."

सगळे वकिलांकडं बघू लागले. वेंकटरमण घसा खाकरत म्हणाले, "अम्मा, उद्देशात नाही ते. लिहिलं नाही ते कंपनीला करता येत नाही."

"मी सांगितलं होतं लिहा म्हणून," वसुमती म्हणाली.

हे मात्र खरं होतं. मी साक्षीदार. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मला त्या सांडलेल्या काफीची आठवण होऊन हसू येत होतं, म्हणून मी तिरडीच्या बांबूची गाठ आवळत खाली बघत राहिलो.

"ऊन चढतंय," गंगाबाई म्हणाली. "उचला."

उचललं. पुढं राजगोपाल, हातात निखाऱ्यांचं मडकं. वडवारु नदीच्या काठावर जायची वाट दुकानावरूनच. प्रेत चाललं की वीथीतले लोक दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावतात, तशा सगळ्यांनी लावल्या. एकच दुकान सताड उघडं, पाटी नवी रंगवलेली, सीतारामराव अँड सन, आणि समोर गिऱ्हाईकांची रांग. कारकून प्राणेश घाईघाईनं पायरी उतरून आला.

"फळ्या लावू का?"

राजगोपालनं मडकं या हातातून त्या हातात घेतलं. "मुहूर्ताचे दिवस आहेत," तो म्हणाला. "चालू दे."